एका नळीपुरते काडतूस

हँडी-रायफल पाहताना नजरेत प्रथम भरते ती तिची निःसंकोच गरिबी. दस्ता साध्या लाकडाचा, त्याला अक्रोडाचा केवळ रंग. पोलादावर नक्षीचा मागमूस नाही. घोड्याशेजारची कळ दाबली की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि मागचे तोंड उघडते. त्यात एक काडतूस सरकवायचे, नळी मिटायची, घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, की झाली तयारी. मॅगझिन नाही, बोल्ट नाही, लगोलग दुसरी गोळी झाडण्याची सोय नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर गावी १८७१ साली सुरू झालेल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या घराण्याचे हे शेंडेफळ. मूळ कंपनी १९८६ मध्ये बंद पडली, तिचे नाव गार्डनर गावात पुन्हा उभे राहिले, २००० मध्ये ते मार्लिनने विकत घेतले, पुढे ते रेमिंग्टनच्या छत्राखाली गेले आणि २०१५ मध्ये उत्पादनच थांबले. पहिल्यांदा शिकारीला निघालेल्या मुलासाठी बापाने घ्यावी, अशी ही तेव्हाच्या बाजारातल्या सर्वांत स्वस्त रायफलींपैकी एक. आणि तरीही तिच्या मालकांत एक पंथ असा आहे, जो घरातल्या टेबलाशी बसून तिच्यासाठी एकेक काडतूस स्वतःच्या हाताने भरतो, आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्या एकमेकींना खेटून पडल्या की मनोमन सुखावतो. त्या सुखात नेमके काय काय मिसळलेले असते, ते आपण सावकाश चाखून पाहू.

महागड्या रायफलीने नेम साधला तर दाद तिच्या कारागिराला द्यावी लागते. इथे रायफल आहे तशी आहे. चाप जड, जोड साधे, नळी हलकी. बदलण्याजोगे म्हणून हाती उरते ते काडतूस. कारखान्यात भरलेले काडतूस त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत बसावे अशा बेताने घडवलेले असते. ते सर्वांना चालते, आणि म्हणूनच कुणा एकीला नेमके बसत नाही. हाताने भरणाऱ्याला मात्र सर्वांची फिकीर नसते. त्याला एकाच नळीचा स्वभाव ओळखायचा असतो आणि त्या स्वभावाला रुचेल असे काडतूस रचायचे असते. अचूकता ही एकट्या रायफलीची वा एकट्या काडतुसाची मालमत्ता नव्हे, ती दोघांच्या मेळातून जन्मते, हे या छंदाचे मर्म. आणि तो मेळ पहिल्यांदा दिसतो तो झाडून झालेल्या रिकाम्या पुंगळीत.

पुंगळी पितळेची, सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. चाप ओढला, दारू पेटली, की आतला दाब निमिषार्धात चढतो; .२२३ रेमिंग्टन या लोकप्रिय काडतुसासाठी त्याची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ५५,००० पौंड इतकी ठरवलेली आहे. त्या दाबाखाली पितळ फुगते, चेंबरच्या भिंतींना सर्वांगाने चिकटते आणि पेटत्या वायूला मागे फिरकू देत नाही; गोळी नळीबाहेर पडून दाब ओसरला, की तेच पितळ अंगच्या लवचिकपणाने किंचित आकसते, आणि म्हणूनच नळी उघडताच पुंगळी अलगद सुटून येते. पण ती जशी गेली तशी येत नाही. खांदा कुठे आहे, मान किती रुंद आहे, चेंबर कोरणारे हत्यार किती झिजले होते, हे सारे तिने इमानाने टिपून आणलेले असते. ती बोटांत धरून उजेडाकडे फिरवावी: मानेभोवती काजळीचा पुसट पट्टा, बुडाशी, दारूला ठिणगी देणाऱ्या टोपीवर, उमटलेला वाटोळा खळगा, आणि अंगावर चेंबरच्या आतल्या खरवडींच्या बारीक रेषा. कारखान्यातून लाखोंनी एकसारखी निघालेली ही वस्तू एका बारात एका विशिष्ट रायफलीची होऊन जाते. नव्या कोऱ्या पुंगळ्यांपेक्षा आपल्याच रायफलीतून एकदा झाडलेल्या पुंगळ्या जाणकार जिवापाड जपतो, त्याचे कारण हेच.

आता पेच असा, की हे माप राखावे किती आणि मोडावे किती. बोल्टच्या रायफलीत दांडा वळवताना पेचाचा जोर मिळतो आणि थोडे घट्ट काडतूसही त्या जोरावर आत जाते. बिजागरीच्या रायफलीला तो जोर नाही. काडतूस जरा घट्ट झाले तर नळी मिटणारच नाही. म्हणून पुन्हा भरण्याआधी पुंगळी आकार देणाऱ्या साच्यातून काढताना तिचा खांदा अगदी थोडा मागे लोटायचा, साधारण दोन हजारांश इंच, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. जास्त लोटला तर पुंगळी पुढच्या बाराला पुन्हा ताणली जाते, बुडाच्या वर पातळ होते आणि काही फेऱ्यांनंतर तिथेच तडकते. प्रेसमधल्या साच्याला इंचाला चौदा आटे असतात; तेव्हा दोन हजारांशासाठी साचा पूर्ण वेढ्याचा छत्तिसावा भाग, जेमतेम दहा अंश, फिरवायचा. मनगटाची ती जेमतेम जाणवणारी हालचाल, मग पुंगळी चेंबरमध्ये घालून नळी मिटून पाहणे, मग पुन्हा तेवढीच हालचाल: या मापटीपीत जो रमला तो या छंदात रमला. पुढे लांबलेली मान कापून सारखी करायची आणि कापलेल्या तोंडाची धार आतून-बाहेरून मारायची. हत्याराखालून सोनेरी कीस सुटतो, त्या कडेवर बोटाचे पेर फिरवले की काहीच बोचत नाही, आणि पुढे गोळी त्या तोंडातून आत जाताना तिच्या तांबूस अंगावर ओरखडा उठत नाही. कामातली ही सफाई डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते.

टोपी बसवताना तर सगळा भरवसा अंगठ्यावर. पुंगळीच्या बुडातल्या खोबणीत टोपी सरकत जाते, तिच्या पोटातल्या इवल्या ऐरणीचे पाय तळाला टेकतात, आणि तो टेकण्याचा क्षण हाताला स्पष्ट जाणवतो. ऐरण टेकलेली नसेल तर आघाताचा काही जोर टोपी पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो आणि ठिणगी दर वेळी वेगळी पडते. मग दारू. तिचे माप ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड, आणि एक ग्रेन ६४.८ मिलिग्रॅमचा, म्हणजे आपल्या सराफी गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. .२२३च्या पुंगळीत मावणारी सगळी दारू दीड-पावणेदोन ग्रॅमच्या घरातली. मापाने ती थोडी कमीच पारड्यात घ्यायची आणि उरलेली एका बारीक नळीतून, नळी बोटांनी फिरवत, दाणा दाणा सोडायची. आखूड, करड्या नळकांड्यांचे हे दाणे एकेक करून घरंगळतात. एकेकाचे वजन ग्रेनच्या दोन-तीन शतांशांइतके. तराजूचा दांडा वर उचलतो, रेषेपलीकडे जातो, मागे येतो, डुलत डुलत स्थिरावतो, आणि त्याच्या टोकाशी डोळा समपातळीत नेऊन पाहिले तरच खरे माप कळते. इथे जास्त दारू म्हणजे चांगली दारू असा हिशेब नाही. दारू बनवणाऱ्यांच्या पुस्तकांत प्रत्येक गोळीसाठी आरंभाचा आणि कमाल मर्यादेचा आकडा दिलेला असतो. आरंभापासून पायरी पायरीने वर जायचे, आणि दाबाची लक्षणे दिसताच, मग मर्यादा दूर असली तरी, थांबायचे. या कलेत संयमाचे मोल जेवढे, तेवढे धाडसाचे नाही.

आणि आता त्या गरिबीचे वैभव पाहा. मॅगझिनच्या रायफलीत काडतुसाची लांबी मॅगझिनच्या डबीने ठरते; गोळी कितीही पुढे बसवावीशी वाटली तरी डबीची भिंत आडवी येते. हँडी-रायफलीला डबीच नाही. काडतूस हाताने सरळ चेंबरमध्ये जाते, त्यामुळे गोळी पुंगळीच्या मानेत किती खोल बसवायची आणि गोळीच्या खांद्यापासून नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांपर्यंत किती अंतर ठेवायचे, हे भरणाऱ्याच्या इच्छेवर. या अंतराला जाणकार गोळीची उडी म्हणतात. ही उडी शतांश-दोन शतांश इंचाने कमी-अधिक केली की कागदावरचा विस्कटलेला पुंजका कधी कधी आपसूक आवळून येतो, आणि ज्या रायफलीला आपण चंचल समजत होतो ती केवळ गोळी कुठून सुटावी याबद्दल चोखंदळ होती असे ध्यानात येते. अर्थात स्वातंत्र्यालाही मर्यादा आहेत: गोळी मानेत निदान तिच्या व्यासाइतकी तरी धरलेली असावी, आणि आट्यांना अगदी टेकवली तर दाब चढतो म्हणून दारू कमी करून नव्याने आरंभ करावा. पण जी उणीव म्हणून किंमत कमी झाली, तीच उणीव अचूकतेच्या कामी यावी, या योगायोगात एक मिस्कील न्याय आहे.

गोळीची निवड हा आणखी एक रसाळ प्रांत. आट्यांचा वेढा किती इंचांत पूर्ण होतो यावर नळीला कोणती गोळी मानवेल हे ठरते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते. आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये गोळीची लांबी आणि व्यास यांवरून ही फिरकी काढण्याचे इतके सुटसुटीत सूत्र दिले, की ते अजूनही पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडून सोडवता येते. नऊ इंचांत एक वेढा असलेल्या नळीतून सेकंदाला ३,००० फूट वेगाने निघालेली गोळी सेकंदाला ४,००० गिरक्या घेते. मिनिटाचा हिशेब केला तर दोन लाख चाळीस हजार. एवढ्या गतीने फिरणाऱ्या वस्तूत एका बाजूला कणभर वजन जास्त असले तरी ते लपत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्याच मिलफर्ड गावचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी या एका गोष्टीपायी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली आणि १९०९ मध्ये त्यांचा ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हा ग्रंथ आला. गोळ्या मुद्दाम बिघडवून, वाटेत कागदाचे पडदे टांगून ते त्यांचा मार्ग वाचत. आणि त्यांना आढळले, की नाक बिघडलेली गोळी बरीचशी सरळ जाते, बूड बिघडलेली मात्र भरकटते. कारण नळीतून शेवटी सुटते ते बूड, आणि सुटता सुटता वायूचा धक्का तिरका बसला की पुढचा सगळा प्रवास तिरका. त्यांचे स्नेही, नळ्या घडवणारे हॅरी पोप, यांनी तर एकेरी रायफलीसाठी अशी रीत रूढ केली, की शिशाची गोळी पुढच्या तोंडाकडून नळीत उतरवायची आणि दारूची पुंगळी मागून घालायची, जेणेकरून आट्यांनी कापलेल्या शिशाच्या कडा बुडाशी न उमटता पुढच्या बाजूला उमटाव्यात. त्या काळचे नेमबाज नेमबाजीच्या ओट्यावर बसूनच एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून झाडत. एका नळीला एक पुंगळी: मेळाची याहून शुद्ध कल्पना करता येणार नाही.

काडतूस असे सजले तरी लाकूड-पोलादाचा संबंध शिल्लक राहतोच. हँडी-रायफलीचा पुढचा लाकडी हात नळीखाली एका स्क्रूने आवळलेला असतो, आणि तो स्क्रू कमी-अधिक आवळला की नळीवरचा ताण बदलतो, गोळ्या कागदावर जागा बदलतात. मालकांनी यावर शोधलेला उपाय काही पैशांचा आहे: स्क्रूच्या जागी, लाकूड आणि धातू यांच्या मध्ये, रबराची एक छोटी चकती. लाकूड आता नळीला सगळीकडून दाबत नाही, एका ठिकाणी हलकेच टेकते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवतो आणि मघापर्यंत मुका वाटणारा स्वर एकाएकी भरून झंकारू लागतो. तशीच ही रबरी चकती नळीची जवारी लावते. बार उडताना नळी कंप पावते हे टाळता येत नाही. तो कंप दर वेळी एकाच रीतीने व्हावा एवढेच पाहायचे. त्यासाठी रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवतानाही ती बिजागरीच्या जवळ, रोज त्याच जागी टेकवायची, खांद्याला तेवढ्याच जोराने लावायची. यांत्रिक वाटणारी ही शिस्त आतून मोठी कोवळी आहे. तिच्यात एका हलक्या नळीच्या सवयींचा आदर आहे.

आणि मग ओटा, वाऱ्याची दिशा सांगणारी चिंधी, शंभर यार्डांवरचा कागद. एकेरी रायफल घाई करू देत नाही. बार, नळी उघडणे, पुंगळी उचलून तिच्या ठरल्या खाचेत ठेवणे, नवे काडतूस, आणि हलकी नळी तापू नये म्हणून थोडे थांबणे. वाट पाहणे हा इथे क्रियेचाच भाग होतो. दारू पायरी पायरीने वाढवत एकाच कागदावर नेम धरण्याच्या युक्तीला क्रेइटन ऑडेट या नेमबाजाचे नाव जोडलेले आहे, आणि तिला शिडी म्हणतात. वेग वाढतो तशी गोळी वर चढत जायला हवी. पण मध्येच दोन-तीन पायऱ्या अशा येतात, की दारू वाढूनही गोळ्या जवळजवळ एकाच उंचीवर पडतात. जाणकाराचे डोळे तिथे लकाकतात. वजनात दाण्या-दोन दाण्यांची चूक झाली, थंडी-उन्हाने दारूचा स्वभाव किंचित बदलला, तरी जे काडतूस सांभाळून घेते ते तिथे असते. सर्वांत वेगवान काडतुसापेक्षा हे क्षमाशील काडतूस तो निवडतो. मात्र तो कागदाच्या खुशामतीला भुलत नाही. तीन गोळ्यांचा पुंजका लहान दिसतोच. त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी दहा गोळ्या झाडल्या तर पुंजका सरासरीने दीडपटीहून थोडा जास्तच रुंद होतो, कारण नशिबाला रेंगाळायला जास्त जागा मिळते. म्हणून खिशात घालून मित्रांना दाखवायला तीन गोळ्यांचा कागद, आणि स्वतःची खात्री पटवायला दहांचा, असा भेद जो करतो त्याच्या आनंदाला पाया असतो. शंभर यार्डांवर एक कोनीय मिनिट म्हणजे १.०४७ इंच; दहा गोळ्या त्या वर्तुळात सामावल्या, तर अशा स्वस्त रायफलीच्या तोंडून ते वर्तुळ ऐकताना महागड्या रायफलीच्या त्याच वर्तुळापेक्षा अधिक गोड का लागते, हे आता वेगळे सांगायला नको.

हा मेळ आपल्याकडेही परका नाही, फक्त त्याची वाट निराळी. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले. त्या प्रकारातही रायफल एकेरीच, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. मात्र तिथे वापरल्या जाणाऱ्या .२२ काडतुसाच्या बुडाच्या कडेतच स्फोटक मिश्रण असते, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगे नसते. जे भरता येत नाही ते निवडावे लागते: जगभरचे अव्वल नेमबाज आपली नळी पकडीत बसवून काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा तिच्यातून झाडून पाहतात आणि जी खेप त्या नळीला मानवली तिचा साठा करतात. कारखाना तोच, यंत्र तेच, नाव तेच. तरी एका खेपेवर नळी प्रसन्न होते आणि दुसरीवर रुसते. हँडी-रायफलीचा मालक जे टेबलाशी बसून घडवतो, तेच पदकाचा दावेदार पारखून घेतो. दोघांचाही आग्रह एकच, की आपल्या नळीला जे हवे तेच तिला द्यावे.

या साऱ्या खटाटोपाची परिणती शेवटी वहीतल्या एका ओळीत होते: पुंगळी कोणती, टोपी कोणती, दारू किती, गोळी कुठली, एकूण लांबी किती. पुस्तकातल्या सर्वसामान्य आकड्यांपासून निघालेली ही ओळ फिरत फिरत एका विशिष्ट चेंबरच्या, एका नळीच्या, एका स्क्रूच्या पत्त्यावर येऊन थांबते. ती जशीच्या तशी दुसऱ्या रायफलीला लावावी तर निष्फळ ठरते, आणि कधी धोक्याचीही. म्हणून अनुभवी मंडळी ती उतरवून द्यायला कचरतात आणि प्रत्येकाला आरंभापासून चढायला सांगतात. यात कंजुषी नाही. ज्या वस्तूकडे दुकानात कुणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही, तिच्यासाठी जगात एकच काडतूस नेमके असते आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, ही जाणीव इतकी सुखद आहे, की ज्याने ती स्वतः कमावली तो दुसऱ्याचे सुख आयते देऊन हिरावून घेत नाही.